साफ केलेला हात

‘साफ करून द्या’ हे तीन शब्द कानावर पडले की आजही मला शिसारी येते. आमच्या गावातल्या शनवारा भागात माझा फोटो स्टुडिओ होता. वीसेक वर्षं मी तो चालवला आणि तेवढ्या काळात माझ्या काउंटरवर नमस्काराच्याही आधी हेच शब्द यायचे. पासपोर्टचा फोटो असो, मुलगी दाखवायचा असो, नाहीतर गेलेल्या माणसाचा असो. “भैया, जरा साफ करून द्या.” साफ म्हणजे गोरा. साफ म्हणजे देवीचे वण गेले पाहिजेत, चामखीळ गेली पाहिजे, कपाळावरच्या आठ्या गेल्या पाहिजेत. एवढं सगळं जाऊन माणूस उरला तर उरला.

आणि मी ते करून द्यायचो. उगाच गिऱ्हाइकांच्या नावाने बोटं मोडण्यात काही अर्थ नाही. आधी निगेटिव्हवर पेन्सिलने करायचो, कॉम्प्युटर आल्यावर माऊसने. माऊसने ते इतकं सोपं झालं की हाताला चटकच लागली. गालाच्या चांगल्या भागावर एक टिचकी मारायची, वाईट भागावरून बाण फिरवायचा, डाग गायब. चहा पिता पिता, गिऱ्हाइकाशी भावावरून हुज्जत घालता घालता हात आपला चालत राहायचा. पुढे पुढे बाजारात समोरून येणाऱ्या माणसाच्या नाकावर तीळ दिसला तरी माझं उजवं बोट हलायचं. सांगायला लाज वाटते, पण हलायचं.

गेलेल्या माणसांच्या फोटोचा प्रकार तर त्याहून घाण. माणूस गेला की तेराव्यापर्यंत भिंतीवर लावायला फोटो लागतो, आणि बहुतेकांचा नीट फोटो कधी काढलेलाच नसतो. मग कुठल्यातरी लग्नाच्या गर्दीतून त्याचं डोकं तेवढं कापून आणायचं आणि माझ्या कॉम्प्युटरमध्ये तयार असलेल्या कोटावर बसवायचं. काळा कोट, लाल टाय, मागे निळा पडदा. जन्मात ज्यांनी कोट घातला नाही अशी शनवाऱ्यापासून निंबोल्यापर्यंतची कितीतरी माणसं आज माझ्या त्या एकाच कोटात भिंतीवर बसलेली आहेत. त्यांतले एक माझे दाजी.

दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, जीजीचे, यजमान. निंबोल्याला त्यांची केळीची बाग. उन्हाने रापलेला माणूस, एक भुवई मधोमध तुटलेली, पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. ते गेले तेव्हा फोटो मीच करून नेला. कोट घातला, रंग उजळला, भुवई जोडली, ओठ मिटवले. घरचं काम म्हणून जरा जास्तच मन लावून केलं. जीजीने फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “हे कोण होय?”

“अगं जीजी, दाजी नाहीत का!”

“असतील,” ती म्हणाली, आणि तिने हार घातला.

नंतर कितीदा तरी तिने मला त्यावरून टोमणे मारले. “रोज सकाळी परक्या माणसाले उदबत्ती लावते मी. तुह्या कोटवाल्याले.” थट्टेच्या सुरात म्हणायची, मीही दात काढायचो. दाजींचा मूळ फोटो, लग्नाच्या पंगतीतला, तुटक्या भुवईचा, मी ठेवलेला नव्हता. आमच्या धंद्यात मूळ फोटो कोणी ठेवत नाही. कॉम्प्युटरची डिस्क एवढीशी, ती सदा भरलेली. म्हणून एकच फाइल उघडायची, तिच्यावरच काम करायचं, तिच्यावरच सेव्ह करायचं. साफ केलेला फोटो हातात पडल्यावर आधीचा मागायला इतक्या वर्षांत एकही माणूस आला नव्हता.

ह्यानंतर चारेक वर्षांनी इंटरनेट आलं. म्हणजे आधी सायबर कॅफेत होतंच, पण आता टेलिफोनच्या तारेतून दुकानात, घरात येऊ लागलं. आमचा जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता आणि जो तो सांगत होता की आता आपण जगाशी जोडले गेलो. जोडले गेलो असू. पण शनवाऱ्यातून जगाकडे जाणारा रस्ता माझ्या दुकानासमोरच्या खांबावरच्या एका गंजक्या डब्यातून जात होता. त्या डब्याचं झाकण कधीच बसायचं नाही आणि आत चिमण्यांनी गवत भरलेलं असायचं. तक्रार केली की एक माणूस यायचा, डब्यावर दोन थापा मारायचा आणि निघून जायचा.

त्या तारेतूनच मला एक परदेशी वेबसाइट सापडली. आपण फोटोची फाइल तिथे चढवायची. कोणाला आवडली तर वेबसाइटवाले तिची मोठी प्रिंट काढून, चौकटीत घालून त्याच्या घरी पोचवणार. तिथले फोटो पाहून मी येडा झालो. सुरकुतलेले म्हातारे, मळके हात, ओल धरलेल्या भिंती. लोक हे घेऊन घरात लावतात! मला वाटलं, सुटलो. जगात कुठेतरी अशी माणसं आहेत जी ‘साफ करून द्या’ म्हणत नाहीत. डिजिटल कॅमेरा मी लग्नांसाठी घेतलाच होता. तो गळ्यात अडकवून रोज सकाळी नदीवर, राजघाटावर जायला लागलो, कपडे आपटणाऱ्या बाया आणि डुंबणाऱ्या म्हशी काढायला लागलो. वेबसाइटवाल्यांना एकही फोटो पसंत झाला नाही. मग मला जीजी आठवली.

जीजी तेव्हा पन्नाशीच्या पुढे गेलेली. दाजी गेल्यावर बाग तिनेच उभी ठेवली होती. केळीचा चीक ज्याने पाहिला असेल त्याला माहीत आहे, तो कपड्याला लागला की काळा पडतो आणि कपडा फाटेपर्यंत जात नाही. तिच्या सगळ्या साड्या चिकाने काळ्या झालेल्या, बोटांच्या पेरांत काळं मुरलेलं. आणि डाव्या हातावर, मनगटाच्या वर, हिरवं गोंदण. त्या गोंदणात माझं नाव आहे.

ती गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. मी तीन वर्षांचा असताना मला मुदतीचा ताप आला. घरातलं यच्चयावत माणूस माझ्या उशापाशी. जीजी अकरा वर्षांची. तिला कोणी विचारत नव्हतं म्हणून शेजारच्या बायांबरोबर ती राजघाटावर आंघोळीला गेली. तिथे गोंदणारीण बसलेली होती. बाकीच्या बायांनी फुलं-ठिपके गोंदून घेतले. हिने माझं नाव सांगितलं. गोंदणारणीला अक्षरं येत नव्हती, जीजीने वाळूत बोटाने काढून दाखवली आणि त्या बाईने ती पाहून पाहून टोचली. अक्षरं वाकडी आली ती त्यामुळे. हात मनगटापासून कोपरापर्यंत सुजला आणि हिला दोन दिवस ताप. एका घरात दोन आजारी, पण लक्ष सगळं माझ्याकडे, कारण मी मुलगा. मी बरा झालो. पुढे मी काही चुकलो-माकलो की ती बांगड्या मागे सारून तो हात माझ्यासमोर धरायची. बोलायची काही नाही.

मी फोटो काढायचं म्हटल्यावर तिने आधी उडवून लावलं. “माह्या फोटोत काय पाहणार ते लोक? चीक?”

“तेच पाहणार, जीजी. तसंच पाहिजे त्यांना.”

तिने पेरांतलं काळं अंगठ्याने चोळून पाहिलं. मग म्हणाली, “काढ. पण एक सांगते. मले एक फोटो पाहिजे, मोठा. अन् पुसायचा नाही. त्याइले केलं तसं मले करायचं नाही. मी गेली की लोकाइनं म्हटलं पाहिजे, हे होय ती. कबूल?”

“कबूल.”

“आखाजीले आणशील. साडी आणू नको, ते आण.”

आखाजी म्हणजे आमच्याकडे माहेरवाशिणींचा सण. भावाने बहिणीला आणायला जायचं, तिने माहेरी येऊन झोके घ्यायचे, गाणी म्हणायची, हातात पडेल ती साडी कौतुकाने नेसायची. जीजीच्या पन्नाशीनंतरही मी तिला आणायला जायचो. त्या सणाला तिने आयुष्यात पहिल्यांदा तोंडाने काही मागितलं होतं, आणि मी मान डोलावली होती.

फोटो झाला तो मात्र असा की तसा मला पुन्हा कधी काढता आला नाही. सकाळचे नऊ वाजले असतील. ती केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं छाटून बांधावर टेकली होती. डावा हात खोडावर आडवा, विळा मांडीवर, मागे वाऱ्याने फाटलेली पानं. कॅमेऱ्याकडे तिने पाहिलं ते मला पाहते तसंच, आता काय गोंधळ घातलास अशा नजरेने. गोंदण लख्ख दिसत होतं. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तो फोटो मी तिथेच उभा राहून तीनदा पाहिला. खोटं कशाला बोलू, मला पहिल्यांदा वाटलं की आपण फोटोग्राफर आहोत.

वेबसाइटचा एक कागद होता, फोटोतल्या माणसाच्या संमतीचा. दोन पानं बारीक इंग्रजी. मी तो छापून नेला.

“काय लिहेल आहे?” तिने विचारलं.

“फोटो विकायला तुझी हरकत नाही, असं.”

दुसऱ्या पानावर असंही लिहिलं होतं की ह्या फोटोत वाटेल तसा बदल करायचा हक्क मला राहील. ते मी वाचलं होतं. तिला वाचून दाखवलं नाही, कारण त्याचा आपल्याशी काय संबंध, असं मला वाटलं. तिने चौथीपर्यंतच्या अक्षरात, जीभ दातांत धरून, सही केली.

आता फाइल तयार करायची. प्रिंट मोठी निघायची म्हणून त्यांना फाइल मोठी पाहिजे. लांब बाजू अमुक इतकी, ठिपके तमुक इतके, दाणे दिसता कामा नयेत. मी सगळं नेटकं केलं आणि दुपारी, दुकानात सामसूम असताना, फाइल चढवायला लावली. पडद्यावर एक निळी पट्टी सरकू लागली. सरकू लागली म्हणजे काय, गोगलगाय परवडली. तास झाला, दीड तास झाला, पट्टी तीन चतुर्थांशावर आली आणि तिथेच मेली. पुन्हा पहिल्यापासून. कोणीतरी फोन केला, लाइन तुटली. पुन्हा. लाईट गेली. पुन्हा. आठ दिवस मी हा तमाशा रोज केला. ती पट्टी बघून बघून मला खरोखर जेवण जाईना. गिऱ्हाईक आलं की मी वसकन अंगावर जायचो. खांबावरच्या डब्याला तर मी आईबहिणीवरून शिव्या घातल्या, समोरचा पानवाला कान देऊन ऐकत असताना.

ह्या आठ दिवसांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. राजघाटाचा एक फोटो, ज्यात अर्धं आकाश होतं, तो सुरसुरत जायचा. जीजीचा तेवढ्याच लांबी-रुंदीचा, पण तो तिप्पट जड. मी दोन्ही फायली समोरासमोर ठेवून विचार केला आणि उलगडा झाला. फोटोत बारीक काम जितकं जास्त तितकी फाइल जड. आकाश सपाट, त्यात सांगण्यासारखं काही नाही, म्हणून ते हलकं. पानांच्या चिरफाळ्या, साडीचा पोत, पेरांतलं काळं, डोळ्यांच्या कडेच्या रेषा, ह्या सगळ्याला वजन. जीजीचा फोटो जात नव्हता कारण त्यात जीजी होती.

हे मी आज म्हणतो. त्या दिवशी मी मांडीवर थाप मारली. वजन कमी करायचं ना? मग ते तर आपल्या हातचं काम! आणि बसलो. आधी मागची पानं धूसर केली. तेवढ्याने बरंच उतरलं. मग साडीवरचे चिकाचे डाग. मग खोडावरचे काळे ठिपके. अजून थोडं उतरायला हवं होतं म्हणून गालांवरून, मानेवरून हात फिरवला. प्रत्येक वेळी सेव्ह करायचं आणि फाइलचं वजन बघायचं, किती उतरलं, किती उतरलं. मला त्याची गंमत वाटत होती हे सांगताना आज तोंड कडू होतं. संध्याकाळच्या आत फाइल चौथाईवर आली आणि अर्ध्या तासात गेली. मी समोरच्या पानवाल्याला पान खाऊ घातलं.

चार दिवसांनी नकार आला. कारण दिलं होतं एका ओळीत: फोटोत अक्षरं किंवा नाव दिसतं आहे, ते चालत नाही. मी डोकं खाजवलं. अक्षरं? केळीच्या बागेत कुठली अक्षरं? दुकानाची पाटी नाही, भिंत नाही. फोटो मोठा करून कोपरा कोपरा तपासला तेव्हा सापडलं. गोंदण. सातासमुद्रापारच्या, आपली लिपी न येणाऱ्या कोणाला तरी ते अक्षर म्हणून दिसलं, आणि मी नावाचा मालक असून मला शोधावं लागलं.

मग मी काय केलं? थांबलो, विचार केला, जीजीला विचारायला गेलो? काही नाही. समोर एक बाई मुलीचा फोटो घ्यायला आली होती. तिच्याशी बोलता बोलता मी हाताच्या कोऱ्या भागावर टिचकी मारली आणि बाण फिरवला. दोन-तीन फेऱ्या. सेव्ह. त्या बाईने पडद्याकडे पाहून म्हटलंसुद्धा, “किती साफ हात झाला हो!” मला बरं वाटलं.

ह्या वेळी फोटो पसंत झाला. ‘केळीच्या बागेतली शेतकरी स्त्री’ असं इंग्रजीत नाव मी दिलं होतं. महिन्याभरात एक प्रिंट विकली गेली, कुठल्याशा थंड देशात. मी पत्ता पुन्हा पुन्हा वाचला. कोणाच्यातरी जेवणाच्या खोलीत माझी जीजी लागणार! गल्लीतल्या प्रत्येकाला मी ते सांगितलं. जीजीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “बरं झालं. माहा कधी देशील?”

“आखाजीला म्हटलंय ना.”

“याद आहे ना काय म्हटलं होतं ते?”

“आहे गं.”

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी मी तिची प्रिंट काढायला बसलो. फाइल उघडली. आणि मला काय दिसलं म्हणून सांगू. दाजींच्या कोटाची बायको. गाल गुळगुळीत, मान गुळगुळीत, साडी नुकती घडी मोडल्यासारखी. मागे कसलातरी हिरवा लगदा. नजर तेवढी तिची होती, आणि ती एवढ्या साफसुफ तोंडावर अगदी वेडगळ दिसत होती. हात बघितला तर कोरा.

मूळ फाइल शोधायला लागलो. मला माहीत होतं नाही ते, तरी शोधली. एकच फाइल, तिच्यावरच सेव्ह. धंद्यातली शिस्त. कॅमेऱ्याचं कार्ड? ते मी फोटो काढला त्याच आठवड्यात एका हळदीसाठी कोरं केलं होतं. सीडीच्या चळती उपसल्या. नवरे, नवऱ्या, केक, पाळणे, कोटातली माणसं. मला स्वतःच्या दुकानाची, त्या निळ्या पडद्याची, माझ्या दोन्ही हातांची इतकी किळस आली की मी शटर ओढून घेतलं.

माणसाने इथे तरी शहाणं व्हावं. सरळ निंबोल्याला जावं, पाय धरावेत, म्हणावं जीजी, माती खाल्ली, पुन्हा बस. पण मी त्याहून नीच काम केलं. मी ठरवलं की गोंदण परत काढू. पुसता येतं तर काढताही येतं.

माझं नाव टाइप केलं. हिरवा रंग दिला, कडा पसरवल्या, थोडं वाकवलं. हातावर बसवलं तर औषधाच्या डब्यावरच्या छापासारखं दिसायला लागलं. मग माऊसने एकेक अक्षर काढायला घेतलं, गोंदणारणीसारखं वाकडं. आणि तिथे माझा हात अडला. वाकडं म्हणजे कसं वाकडं? पहिलं अक्षर कुठे झुकलं होतं? वरची रेघ सलग होती की तुटक? खाली ठिपके होते का? चाळीस वर्षं तो हात माझ्यासमोर आला होता. त्याने मला भरवलं होतं, दोनदा सणसणीत वाजवली होती, प्रत्येक राखीला ओवाळलं होतं. आणि मला आठवत नव्हतं. अंदाजाने काढलं. चीक आणि सुरकुत्याही अंदाजाने थोड्या परत टाकल्या. प्रिंट काढली, चौकटीत घातली, कागदात गुंडाळली. वाटलं, आता तिची नजर कमी झाली आहे, चालून जाईल. असंही मला वाटलं, ते लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी तिला आणायला निंबोल्याला गेलो. ती तयार होऊन ओसरीवर बसली होती, पिशवी भरून ठेवलेली. मला पाणी दिलं. “आणला?” म्हणून तिने कागद स्वतः सोडला, दोरा न तोडता. चौकट दोन्ही हातांनी धरून उजेडाकडे केली.

मी पाणी पीत राहिलो, तांब्या रिकामा झाला तरी.

“हे कोणी गोंदलं?” तिने विचारलं.

“कोणी म्हणजे?”

तिने चौकट मांडीवर ठेवली आणि आपला डावा हात तिच्याशेजारी ठेवला. चाळीस वर्षांनी अक्षरं पसरली होती, तरी वाचता येत होती. तिला वाचता येत होती. मला नाही. मला ती उलटी दिसत होती.

“मी वाळूत बसून माह्या बाजूनं काढलं होतं,” ती म्हणाली. “मले वाचता आलं पाहिजे म्हणून. तू मरू राह्यला होता, अन् मले कोणी तुह्याजवळ येऊ देत नव्हतं. मी हात पाहू पाहू तुहं नाव घ्यायची.” तिने काचेवर बोट ठेवलं. “तू लोकाइले वाचता येईन असं काढलं.”

मी तांब्या खाली ठेवला. मग सगळं भडाभडा सांगितलं: ती पट्टी, तो डबा, फाइलचं वजन, अक्षरांचा नियम, कार्ड. मध्येच कागदाचंही सांगितलं, दुसऱ्या पानावर काय लिहिलं होतं ते. ती ऐकत होती. तिला इंटरनेटमधलं काही कळलं असेल असं नाही, पण तिने एकदाही अडवलं नाही.

“पुसायले किती वेळ लागला?” सगळं संपल्यावर तिने विचारलं.

“अर्धा मिनिट.”

“मले दोन दिवस ताप होता,” ती म्हणाली. रागाने नाही, दोन भाव ऐकून एकाशेजारी एक ठेवावेत तशी.

मी म्हणालो, “जीजी, कॅमेरा आणलाय. आत्ता काढतो दुसरा. जसाच्या तसा देतो, मूळ फाइल तुझ्या हातात देतो.”

“राहू दे.”

“अगं ऐक तर—”

“राहू दे म्हटलं ना भाऊ.” ती उठली, चौकट काखेत घेतली आणि आत गेली. मी मागोमाग गेलो. भिंतीवर दाजी होते, काळ्या कोटात, लाल टायमध्ये, जोडलेल्या भुवईचे, मिटल्या ओठांचे. सणाचा ताजा हार घातलेला. तिने माझी चौकट त्यांच्या शेजारी भिंतीला टेकवून धरली आणि मान तिरकी करून दोघांना पाहिलं. जिवंत माणसाचा फोटो गेलेल्या माणसाच्या शेजारी लावत नाहीत, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

“आता जमला जोडा,” ती म्हणाली. “ते बी कोणी दुसरे, मी बी कोणी दुसरी.”

मग तिने देवळीतून हातोडी आणि एक खिळा काढून माझ्या हातात दिला. तो मला ठोकावा लागला.